भाच्याची उडी, मामाचा खिसा: सायकल महाग हवी की पाय तयार हवेत?

टेकडीखालचा (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. भाचा अकरावीला आहे, शिकायला आमच्याकडे पुण्यात राहतो. अमेरिकेत यूटामध्ये होणाऱ्या रेड बुल रॅम्पेज स्पर्धेचे व्हिडिओ बघून त्याला फ्रीस्टाइल माउंटन बायकिंगचं वेड लागलंय. लाल मातीच्या कड्यावरून सायकल खाली सोडायची, हवेत उलटी कोलांटी घ्यायची आणि पुन्हा चाकांवर उतरायचं, असा एकूण प्रकार. मला तर बघूनच पोटात गोळा येतो.

आता साहेबांना फुल सस्पेन्शनची, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी सायकल हवी आहे. किंमत दोन लाख चाळीस हजार. "मामा, माझ्या सायकलवर हे होऊच शकत नाही," हा एकच मुद्दा. सध्याची सायकल वीसेक हजारांची आहे: पुढे धक्के झेलणारा फोर्क, केबलवाले डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. तिच्यावर तो फुटपाथ चढतो, मागच्या चाकावर थोडं अंतर चालवतो. बनी हॉप, म्हणजे चालत्या सायकलची दोन्ही चाकं उचलून अडथळा ओलांडणं, अर्धवट जमतं.

ताई म्हणते हट्ट पुरवू नकोस. दाजी म्हणतात अर्धे मी घालतो. मी मध्ये सापडलोय. सायकलने खरंच एवढा फरक पडतो का?

खडखडाट

नाचता येईना, अंगण वाकडं. संपला धागा.

पाना-पक्कड

खडखडाट भाऊ, एवढ्यात नका संपवू. माझं कोल्हापुरात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, असल्या सायकली रोज उघडतो.

वीस हजारांच्या सायकलचा फोर्क खोलला की आत स्प्रिंग आणि रबराचा ठोकळा निघतो. तेल नाही, परत येण्याचा वेग आवरणारं काही नाही. दाबला की दाबतो आणि सोडला की तेवढ्याच जोरात वर फेकतो. उडीनंतर पुढचं चाक टेकतं न टेकतं तोच हँडल छातीवर येतं. पोराला वाटतं आपलं चुकलं.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. एकवीस गिअर म्हणजे मागे सात चकत्यांचा, आट्यांवर फिरवून बसवलेला फ्रीव्हील. त्याला जागा द्यायची म्हणून उजवीकडचं बेअरिंग आत सरकवलेलं असतं. बेअरिंगच्या बाहेर एक्सलचा बराच भाग बिनआधाराचा राहतो. उडी सपाट पडली की एक्सल बरोबर तिथं वाकतो. आधी चाक किंचित डुलतं, मग ब्रेकची चकती घासायला लागते, पोरगं ब्रेक सैल करून आणतं आणि तसंच फिरतं. एक दिवस एक्सल तुटतो. असले दोन तुकडे झालेले एक्सल माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेत, या कधी बघायला.

तेव्हा भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे राव. फक्त त्यावर उपाय दोन लाख चाळीस हजारांचा नाही.

फेअरफॅक्सवासी

पाना-पक्कड यांच्याशी सहमत, पण इतिहास उलट बाजूचा आहे. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत राहतो, हा सगळा खेळ जिथे सुरू झाला त्या टेकड्या घरापासून जवळ आहेत.

१९७६ च्या ऑक्टोबरात फेअरफॅक्स गावाच्या वर एका कच्च्या रस्त्यावर पोरांनी उताराची पहिली शर्यत लावली. साधारण दोन मैलांत तेराशे फूट उतार. सायकली कुठल्या? भंगारातून काढलेल्या, लठ्ठ टायरच्या, श्विन कंपनीच्या जुन्या सायकली. ब्रेक म्हणजे मागे पायडल मारून लावायचा कोस्टर ब्रेक. एका उतारात हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुढच्या फेरीआधी हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या ग्रीस भरण्यावरूनच वाटेचं नाव 'रिपॅक' पडलं.

सस्पेन्शन नाही, धड ब्रेक नाहीत, तरी गॅरी फिशर, जो ब्रीझ ही माउंटन बाइक घडवणारी मंडळी त्याच रस्त्यावर घडली. १९७७ मध्ये ब्रीझने या कामासाठी वेगळी फ्रेम बनवली, पण ती आधी त्या भंगारावर भरपूर आपटून झाल्यावर. काय तुटतं हे कळल्यावर काय बनवायचं हे कळलं.

गिअरगुरू

तेव्हा घोड्यावरून लढाया व्हायच्या म्हणून आज घोडे घ्यायचे का?

फेअरफॅक्सवासी, त्या काळात कोणी कोलांटी मारत नव्हतं. २०१३ च्या रॅम्पेजमध्ये केली मॅकगॅरीने बहात्तर फुटांच्या घळीवरून उलटी कोलांटी मारली. ती जुन्या श्विनवर मारून दाखवा. आजच्या रॅम्पेजच्या सायकलला पुढे साधारण २०० मिलिमीटर प्रवासाचा (म्हणजे तेवढा दबणारा), दुहेरी क्राउनचा (वर दोन जागी धरलेला) फोर्क असतो, मागेही तेवढाच प्रवास, आणि एका बोटाने लागणारे हायड्रॉलिक ब्रेक. ही शोभेची वस्तू नाही. 'कसब महत्त्वाचं' हे म्हणायला छान वाटतं, आणि बहुतेक वेळा ज्याला पैसे खर्चायचे नसतात तोच म्हणतो.

टेकडीखालचा (धागाकर्ता)

शेवटचं वाक्य वैयक्तिक घेऊ का? :)

नॉर्थशोअरची मावशी

व्हँकुव्हरहून लिहितेय. माझी दोन्ही मुलं यात आहेत, त्यामुळे या खेळाचा खर्च आणि प्लास्टर दोन्ही जवळून बघते.

गिअरगुरू, तुम्ही रॅम्पेज काढलंत, मी व्हिसलर काढते. आमच्याकडच्या या डोंगरगावात २००४ मध्ये क्रँकवर्क्स हा सायकलींचा महोत्सव पहिल्यांदा झाला. त्यातली स्लोपस्टाइल (उतारावर रचलेल्या उड्यांवर एकामागून एक करामती करायची) स्पर्धा जिंकली नेवाडाच्या पॉल बसागोइतियाने. मूळचा बीएमएक्सवाला (वीस इंची छोट्या सायकलींवरच्या उड्या), मोठ्या नावांमध्ये कोणी ओळखत नव्हतं, आणि सायकल उसनी होती! दुसऱ्याची सायकल, दुसऱ्याचं माप, आणि पहिला नंबर. बीएमएक्समध्ये इतक्या उड्या झाल्या होत्या की चाकं सव्वीस इंची आहेत की वीस, याने हातांना फारसा फरक पडला नसणार.

आणखी एक. डर्ट जंपची, म्हणजे मातीच्या ढिगांवरून उड्या मारायची सायकल दिसायला अगदी गरीब असते. बहुतेकांची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नाहीच. पुढे शंभर मिलिमीटरचा, दगडासारखा कडक केलेला फोर्क. एकच गिअर. सीट खाली दाबलेली. बऱ्याच जणांना पुढचा ब्रेकच नसतो, कारण हवेत हँडल गोल फिरवताना दोन केबल अडकतात. भाच्याला सांगा, तो जे बघतोय त्यातले अर्धे अधिक प्रकार याच सायकलींवर शिकले जातात. फुल सस्पेन्शनवर शिकायला बसलात तर उडीसाठी दिलेला दाब सस्पेन्शनच खाऊन टाकतं. पोराला कळतच नाही की उडी पायातून येते.

खडखडाट

मावशी, +१. म्हणजे माझं म्हणणं बरोबरच होतं.

गुरुत्व

दोन्ही बाजू मोघम बोलताय, जरा आकडे मांडू.

एक मीटर उंचीवरून सरळ खाली, सपाट जमिनीवर पडलात तर टेकताना खाली जायचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर. हा वेग शून्यावर आणायला जेवढं अंतर मिळेल तेवढा झटका कमी. फक्त शंभर मिलिमीटरच्या फोर्कवर सगळं सोडलं, म्हणजे पाय-कोपर ताठ, तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या दहापट. तोच माणूस उभ्या पायांनी उतरला आणि गुडघे, कंबर, कोपर मिळून अर्धा मीटर खाली बसला, तर गुरुत्वाच्या फक्त दुप्पट. दहावरून दोनवर!

आता यात रॅम्पेजवाला २०० चा फोर्क घातलात आणि पाय ताठच ठेवलेत, तर दहाचे पाच होतात. दोन लाख खर्चून पाच, आणि फुकटच्या गुडघ्यांनी दोन. (हा हिशेब ढोबळ आहे, फोर्कचा दाब सगळ्या प्रवासात सारखा नसतो. पण मुद्दा बदलत नाही.)

तिसरी गोष्ट याहून मोठी. उतरायची जागा उतरती असेल आणि सायकल त्या उताराच्या दिशेनेच येत असेल, तर जमिनीत घुसणारा वेग नावापुरता राहतो, बाकीचा सगळा पुढे पळण्यात जातो. मॅकगॅरी बहात्तर फूट उडून जिवंत उतरला तो फोर्कमुळे नव्हे, समोरचा उतार नीट कोरलेला होता म्हणून.

उलट उदाहरणही आहे. २००१ च्या सुमारास जॉश बेंडर नावाचा स्वार कॅनडात कॅमलूप्सजवळच्या एका कड्यावरून पन्नास फुटांहून जास्त खाली उडी टाकायचा. त्या काळात मार्झोची या फोर्क बनवणाऱ्या कंपनीने ३०० मिलिमीटरचा अवाढव्य फोर्क काढला होता, त्याच्यासारख्यांना लागेल असा. पण पंधरा मीटरवरून पडलं की वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो. तिथे फोर्क किती खाणार? त्या कड्यावरून तो स्वच्छ उतरून पुढे गेला नाही.

म्हणून माझ्या मते क्रम असा: माती, मग पाय, मग सायकल. खडखडाट, तुमची म्हण इथे बरोबर उलटी लागते. या खेळात अंगण खरंच वाकडं असतं, आणि ते वाकडं कसं करायचं यातच अर्धं कौशल्य आहे.

गिअरगुरू

आकडे मान्य. पण तुम्ही सगळं नीट झालं असं धरून चालताय. थोडा आखूड पडला, पुढचं चाक उताराच्या माथ्यावर आदळलं, तेव्हा गुडघे कामाला येत नाहीत. तेव्हा चांगला फोर्क आणि मजबूत चाकच वाचवतं. साधन कौशल्य देत नाही, चूक पचवायची मुभा देतं. नवशिक्याच्याच चुका जास्त, मग त्यालाच चांगलं साधन का नको?

पाना-पक्कड

हे पटलं. नाद खुळा मुद्दा आहे. पण मग पैसे चूक जिथं होते तिथंच घाला की. मागचं चाक कॅसेट हबचं (यात बेअरिंग टोकाजवळ असतं, एक्सल बिनआधाराचा राहत नाही), जास्त आऱ्यांचं. एक हवेचा फोर्क, रिबाउंडचा (परत येण्याचा वेग आवरणारा) खटका असलेला. हायड्रॉलिक ब्रेक. पिना असलेले रुंद पायडल (नडगीला खुणा राहतील, इलाज नाही). अठराशे ग्रॅमची फ्रेम अन् कार्बनचं हँडल कशाला? वजन कमी करायला दिलेले पैसे पडल्यावर काहीच वाचवत नाहीत.

आणि एक फुकटातली गोष्ट: टायरमधली हवा. गिऱ्हाईक लाखाची सायकल आणतं आणि हवा कधी मोजलेली नसते. उड्यांच्या कडक मातीवर टायर घट्ट हवेत, टेकडीच्या सुट्या खडीवर मऊ. शंभरात ऐंशी पोरांच्या तक्रारी पंपानेच मिटतात. (ऐंशी आपलं बोलायचं म्हणून.)

वेताळची वाट

मी सायकलवाला नाही, सकाळी टेकडीवर चालायला जाणारा निवृत्त माणूस. माती, उतार, कोरणं वाचून घाबरलो. कृपा करून आमच्या टेकडीवर फावडी घेऊन येऊ नका. बरीचशी जागा वनखात्याची आहे, वाटा अरुंद आहेत, मोर असतात, म्हातारे असतात. मागून आवाज न करता सायकल येते आणि कुत्रा बिथरतो. कौशल्य दाखवायचं तर दुसरीकडे दाखवा.

टेकडीखालचा (धागाकर्ता)

काका, भाच्याला सक्त ताकीद आहे. टेकडीवर तो फक्त ठरलेल्या वाटेने जातो आणि घंटी वाजवतो. पण तुमच्यामुळे खरा प्रश्न वर आला: मग या पोरांनी उड्या मारायच्या कुठे?

नॉर्थशोअरची मावशी

हाच तर मुद्दा आहे आणि यावर कोणी बोलत नाही!

इथल्या मुलांकडे काय जास्त आहे विचाराल तर सायकल नाही. इथे गावोगावी पालिकेचे पंप ट्रॅक (छोट्या चढउतारांच्या गोल वाटा) आहेत, अनेक ठिकाणी मातीच्या उड्यांची उद्यानंही. प्रवेश फुकट. शाळा सुटली की दप्तर कुंपणाला टांगून मुलं पाचव्या-सहाव्या वर्षापासून तिथेच. मोठ्या मुलांना फोमच्या खड्ड्यात किंवा हवा भरलेल्या गादीवर कोलांटी शिकायला मिळते. चुकली तर पुन्हा चढायचं. आपल्याकडचा मुलगा तीच कोलांटी शिकायला गेला तर पहिली चूकच दवाखान्यात नेते, आणि आईबाप सायकल विकून टाकतात. व्हिडिओत सायकल दिसते, ती गादी दिसत नाही.

रॅम्पेजचंच बघा. २०१६ पासून प्रत्येक स्वारासोबत खोदायला दोन माणसं असतात, आणि यंत्र चालत नाही. फावडं, कुदळ, वाळूच्या गोण्या आणि पाणी. कित्येक दिवस खोदतात तेव्हा काही मिनिटांची स्वारी होते. जगातले सर्वांत मोठे स्वार तिथे आधी गवंडीकाम करतात.

एडिनबरोकर

उशिरा आलो. डॅनी मॅकॅस्किलचं नाव कसं कोणी काढलं नाही? स्काय बेटावरचा पोरगा, एडिनबरोत सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. २००९ च्या एप्रिलमध्ये त्याचा शहरात फिरवलेला व्हिडिओ आला आणि रातोरात जग ओळखायला लागलं. टोकदार लोखंडी कुंपणाच्या वरून त्याने सायकल चालवली. भिंती, झाड, पायऱ्या, सगळं सार्वजनिक. अंगण नाही म्हणून तो अडला नाही, मावशी.

पण साधनाबद्दल एक बारकावा. त्याची सायकल फार महाग नसेल, पण अगदी नेमकी होती: स्ट्रीट ट्रायल्ससाठी (शहरातल्या भिंती-पायऱ्यांवरच्या करामतींसाठी) बनवलेली, चोवीस इंची चाकांची, सीट जवळजवळ नसल्यासारखी. या ट्रायल्सवाल्यांचे लाड वेगळेच असतात. फ्रीव्हील घेतात एका फेरीत १०८ क्लिकचा, जपमाळेच्या मण्यांइतके, म्हणजे पायडल हलवलं की लगेच चाक पकडतं, मध्ये पोकळ अंतर जात नाही. आणि रिम ब्रेक (चाकाच्या कडेला धरणारे) वापरणारे नव्या कोऱ्या रिमवर अँगल ग्राइंडर फिरवून ती खरखरीत करतात, का तर ब्रेक कचकन चावावा म्हणून. आपल्याकडे नव्या सायकलच्या दांड्यावरचं प्लास्टिक सहा महिने काढत नाहीत.

गिअरगुरू

म्हणजे शेवटी साधन लागलंच ना?

एडिनबरोकर

लागलं, पण आधी कळलं काय लागतं. १०८ क्लिकची गरज त्यालाच कळते ज्याचा पाय १८ क्लिकच्या फ्रीव्हीलवर रोज घसरतो. भाच्याला विचारा, तुझ्या सायकलचं नेमकं काय नडतंय? 'सगळंच' असं उत्तर आलं तर थांबा.

रानातला रॅम्प

कराडजवळ आमचं रान आहे, बांधाला आम्ही दोन उड्या बांधल्यात. जागेचा प्रश्न निघालाय म्हणून लिहितो.

काळ्या मातीचा नाद करू नका. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा, आणि उडीच्या तोंडाला भेग पडली की पुढचं चाक तिथेच अडकतं. मुरूम आणा. थराथराने टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, रात्रभर सोडायचं, मग दुसरा थर. जेसीबीवाला एका दमात ढीग टाकून देतो, तो आतून पोकळ राहतो आणि पहिल्या पावसात बसतो.

पहिली उडी टेबलटॉपच बांधायची. मधला भाग भरलेला, वर सपाट. पोरगं आखूड पडलं तरी सपाटीवर पडतं, खड्ड्यात नाही. मधला भाग रिकामा ठेवला की ती गॅप, तिथे आखूड पडायची मुभा नाही. कमरेएवढी उंची पुरे. आणि गुरुत्व म्हणतात तसं, उतरायचा उतार चढापेक्षा लांब ठेवा. सगळे नवशिके तोंड सुरेख बांधतात आणि उतरायच्या बाजूला मुरूम संपतो.

खडखडाट

मला एक सांगा, यूट्यूबवर तो सॅम पिलग्रिम सुपरमार्केटातल्या स्वस्त सायकलवर कोलांट्या मारतो, त्याचं काय?

पाना-पक्कड

तो जगज्जेता होता हो. सायकल कधी सोडून द्यायची हे त्याला हवेतच कळतं. आणि त्या सायकलचं नंतर काय होतं तेही नीट बघा, चाकाचा आठ झालेला असतो. तुमच्या-आमच्या पोरांनी फक्त पहिला अर्धा व्हिडिओ बघितलेला असतो.

भाचा स्वतः

मामा, मी खातं उघडलंय. माझ्यावर धागा आहे आणि मलाच कोणी विचारत नाही.

एडिनबरोकर काका, उत्तर देतो. नेमकं नडतं ते असं: (१) उतरताना फोर्क वर फेकतो, पाना-पक्कड काकांनी लिहिलंय तसंच. (२) लांब उतारावर केबलचे ब्रेक दाबून बोटं बधिर होतात, मग हँडल धरवत नाही. (३) फ्रेम मला मोठी आहे, बनी हॉपला सीट पोटात लागते. गिअर मला नकोच आहेत. फुल सस्पेन्शन मी रॅम्पेज बघून मागितलं, मान्य. पण नॉर्थशोअर मावशी, रॅम्पेजमध्ये २०२४ पर्यंत मुलींची स्पर्धाच नव्हती, मग तिथे कौशल्य की साधन हा प्रश्नच कुठे येतो?

नॉर्थशोअरची मावशी

शाब्बास रे. २००१ ला सुरू झालेली स्पर्धा, आणि बायकांना पहिल्यांदा जागा २०२४ मध्ये. न्यूझीलंडची रॉबिन गूम्स जिंकली, कोलांट्या मारून. त्याआधीची सगळी वर्षं 'अजून त्यांची तयारी नाही' हेच ऐकलं. तयारी करायला उतार मिळाला असता तर! माझ्या मुलीने ती फेरी बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं मागितलं. सायकल नाही मागितली.

गुरुत्व

भाच्याची यादी फारच नेमकी आहे. मामा, तीनपैकी एकही मुद्दा दोन चाळीसचा नाही.

पाना-पक्कड

भावा, तुला सव्वीस इंची डर्ट जंपची हार्डटेल पाहिजे, छोट्या मापाची. नवी आपल्याकडे सहज मिळत नाही, जुनी शोध. क्रोमोली (एक प्रकारचं पोलाद) फ्रेम मिळाली तर उत्तम, जड असते पण अचानक तुटत नाही, आधी वाकून सांगते. घेताना हेडट्यूबच्या (हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या) खालचा जोड आणि मागच्या पट्ट्या बोटाने चाचप, रंगाला केसाएवढी रेघ दिसली तरी सोडून दे. "रंग उडालाय फक्त" असं विकणारा म्हणतोच. मला फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे, उजेडात.

टेकडीखालचा (धागाकर्ता)

ठरलं. जुनी हार्डटेल आणि वर ब्रेक, साठ हजारांच्या आत. उरलेल्यातून हेल्मेट, गुडघ्याचे पॅड. रानातला रॅम्प, दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन येऊ का? मुरूम ठोकायला चार हात मिळतील. दाजी अजून म्हणताहेत की स्वस्तात घेतलं तर पोरगं मागे पडेल, त्यांना हा धागा पाठवलाय.

हेल्मेट कुठलं ते सांगा. बाजारात चारशेपासून पंचवीस हजारांपर्यंत आहेत.

रानातला रॅम्प

या की. ठोकायला धुमस आहे, हातमोजे आणा.

गिअरगुरू

हेल्मेटला कंजुषी नको, इथे तरी ऐका माझं. हनुवटी झाकणारं फुल फेस, आत एएसटीएम एफ१९५२ (उतारावरच्या माउंटन बायकिंगच्या हेल्मेटचं मानक) असं छापलेलं. जुनं हेल्मेट कितीही चांगलं दिसलं तरी नको, एकदा आपटलेल्याचा आतला फोम चेपलेला असतो आणि बाहेरून कळत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर डोक्याचा घेर आधी मोजा. शिंप्याचा टेप, भुवयांच्या बोटभर वर, मागचा फुगीर भाग धरून. आणि भाच्याला म्हणावं, केस कापून मोज.

भाचा स्वतः

५७ सेंटिमीटर. केस नाही कापणार.